काचेवरचं तेल

१२ फेब्रुवारी

थेंब: सकाळी सात, अकरा, तीन, सात. चारही टाकले.

काल उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, जुनी काच काढून नवी बसवली आहे, पाणी लावू नका, चोळू नका, आणि थेंब टाकले की लिहून ठेवा. म्हणून ही वही काढली. दिवाळीत दिवीनं दिली होती, तेव्हापासून पेटीत पडून होती.

दिवी म्हणजे दिव्यानी, माझ्या हरिदासची पोरगी. हरिदास आणि सून खाणीच्या नोकरीपायी चंद्रपूरला. पोरगी दुसरीपासून इथं, कुरखेड्याकडे, माझ्यापाशी वाढली. आता दुर्बिणीचं यंत्र बनवते. दुर्बीण नाही. दुर्बिणीच्या मागं जे लागते ते. गावात हा फरक सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

वही तिच्या प्रयोगशाळेतली आहे, पानापानावर छापील नंबर. तिनं कायदे सांगितले होते. पान फाडायचं नाही. रबर चालत नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. जे केलं ते लिहायचं, लाज वाटली तरी. दुसऱ्यानं वाचलं तर त्यानं खाली 'पाहिलं' लिहून सही करायची.

"अन् एखाद्यानं खोटं लिहिलं तं?" मी विचारलं होतं.

"लिहू दे. यंत्र खरं सांगते ना मंग."

मी शाळेत दुसरीपर्यंत. बाकीचं अक्षर दिवीच्या पाटीवर शिकली, ती शिकली तेव्हाच. तेव्हा तिनं मला एकदाही 'मले' लिहू दिलं नाही, एवढीशी होती तरी पट्टी मारायची. म्हणून बोलण्यात मले आणि वहीत मला.

१६ फेब्रुवारी

थेंब चार.

डोळा उघडला आणि लाजच वाटली. एवढ्या घाणीत राहत होती मी? फळीवर बोटभर काजळी. दाराच्या कडीला तेलाचा थर. पितळेचा गुंड चकचकीत आहे असं दोन वर्षं समजत होती, तो तव्यासारखा काळा. गावातल्या सगळ्यांनी त्याच गुंडातलं पाणी प्यालं आणि एकही बोलला नाही.

शेजारची कलाबाई डोळा पाहायला आली. मी म्हटलं, "तुह्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कवा आल्या वो?"

"त्या होत्याच. तूच आंधळी होती."

डॉक्टरीण वाकू नका म्हणाली होती. वाकली नाही. बसून घासलं. धानाच्या भुशाची राख वस्त्रगाळ करून घेतली आणि तीन दिवस घर घासलं. राखेनं जात नाही असा डाग मी तरी पाहिला नाही.

२१ फेब्रुवारी

थेंब तीन. दुपारचा राहिला, कारण दिवी आली.

हैदराबादेत तिच्या यंत्राची एक काच तपासून घेतली आणि ती घेऊन उत्तरेत पहाडावरच्या दुर्बिणीकडे निघाली आहे. गाडी बल्लारशावरून जाते, म्हणून माझा डोळा पाहायला उतरली. बल्लारशा ते घर सगळा रस्ता खोकं मांडीवर. एसटीत कंडक्टर म्हणाला, मॅडम, डबा वर ठेवा. ही म्हणाली, भाऊ, मी वर बसतो, पण याले इथीच राहू द्या.

वाळली आहे. हातात बांगडी नाही, नखं कापलेली. हाताला तेल नाही, मलम नाही. म्हटलं, बाईचे हात आहेत का पाटी-घमेल्याचे? म्हणाली, आजी, या हाताले काईच लागलेलं चालत नाई.

जेवताना सगळं सांगितलं, तेही एका दमात, कोणी मागं लागल्यासारखं. तिची नोकरी तीन वर्षांची. जूनमध्ये संपते. त्याआधी ही काच यंत्रात बसली आणि एका तरी ताऱ्याचा उजेड त्यातून आला, तर पुढची पाच वर्षं मिळतील आणि मग स्वतःचं यंत्र बांधता येईल. जूननंतर पहाडावर ढग, चार महिने काही दिसत नाही. अशी काच परदेशात एक माणूस बनवतो. ही बनवायला त्याला चौदा महिने लागले.

"अन् फुटली तं?"

"फुटली तं मी फुटली."

मग मला नवा डोळा आहे म्हणून दाखवली. तोंडाला फडकं बांधलं, हातमोजे घातले, खोक्याचे चार स्क्रू काढले. तळहाताएवढी काच. खिडकीतलं ऊन पडलं तर भिंतीवर लाल, पिवळा, हिरवा, जांभळा पट्टा. म्हणाली, दुर्बीण नुसती पाहते, हे यंत्र वाचते. ताऱ्याचा उजेड असा फोडला की त्यात लोखंड किती, चुना किती, सगळं निघते. काचेवर हजारो रेघा आहेत म्हणे, केसाहून बारीक.

मी नाक लावून पाहिलं. एक रेघ दिसली नाही. शिकलेल्या माणसांशी वाद घालत नाही मी.

"हिले हात नाई लावायचा आजी. डॉक्टरनं डोळा चोळू नको म्हटलं ना, तसं."

"मी काऊन लावू हात? मले का धंदा नाई?"

२२ फेब्रुवारी

थेंब चार.

सकाळी दिवी तळ्याच्या पाळीवर गेली, तिथंच फोन लागतो. तिच्या मोठ्या सरांशी बोलायचं होतं. खोकं फळीवर, झाकण नुसतं ठेवलेलं. मी फळी झटकत होती, झाकण सरकलं.

काचेवर तेल होतं. माझा नवा डोळा, मला फसवता येत नाही. धानाच्या बांधीतल्या पाण्यावर पंपाचं डिझेल सांडलं की जसा तवंग येतो, लाल-हिरवा-जांभळा, तसाच. एवढे मोजे घालून, तोंड बांधून पोरीनं शेवटी तेलाचं बोट लावलंच. काल भजी खाल्ली होती. तिथं त्या सरांनी खोकं उघडलं असतं तर काय इज्जत राहिली असती तिची? झाडीपट्टीतल्या पोरी आल्या, हात धुवत नाहीत, असंच म्हटलं असतं ना.

हात लावला नाही. माझ्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, वस्त्रगाळ राख घेतली. लेकराच्या गालावरून फिरवावं असा हात फिरवला. आधी जाईना. पाव तास घासलं. मग गेलं सगळं. काच स्वच्छ, चकचकीत झाली. माझं तोंड दिसलं तिच्यात, नव्या डोळ्यासकट.

पुसून जशीच्या तशी ठेवली, झाकण लावलं. दिवी धावत आली, कुरखेड्याची जीप उभी होती, उभ्याउभ्याच चार स्क्रू आवळले आणि निघाली. मी काही बोलली नाही. केलेलं काम सांगत फिरायची मला सवय नाही.

९ मार्च

थेंब दोन. आता दोनच सांगितले आहेत.

दिवीचा फोन आला. कलाबाईच्या फोनवर, पाळीवर जाऊन घेतला. वारा फार होता तिकडं.

"आजी, मी आलो होतो तवा घरी पोट्टे आले होते का कोणी?"

"एकबी नाई. काऊन?"

ते सोडून तिनं भलतंच विचारलं.

"आजी, गुंड अजून राखेनंच घासतं का तू?"

"हाव, मंग का सोन्यानं घासू?"

मी हसली. ती हसली नाही. "बरं," म्हणाली आणि ठेवला.

एवढ्या मोठ्या पहाडावर, एवढ्या मोठ्या कामात पोरीला घरच्या गुंडाची आठवण येते. कलाबाईला सांगितलं. ती म्हणाली, माह्या नातवाले माहं नाव आठवत नाई.

२७ मार्च

हरिदासचा फोन. काच खराब झाली. उजेड फुटतच नाही तिच्यातून, सरळ परत येतो, आरशावरून येतो तसा. काचेच्या कडेला कसलीशी पांढरी भुकटी सापडली, ती तपासायला पाठवली आहे. दिवीला विचारतात, भुकटी कुठची? दिवी म्हणते माहीत नाही. काच माझ्या ताब्यात होती, झालं ते माझ्या हातून झालं, असं तिनं लिहून दिलं.

"अन् ते सर का म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, खरं सांग, कोणी केलं. ही सांगत नाई."

सांगणार कोण? त्या पहाडावरच्याच कोणीतरी केलं असेल. आपल्या खेड्यातली पोरगी पुढं जाते हे कोणाच्या डोळ्यात खुपलं असेल. हिनं मुकाट आपल्या अंगावर घेतलं. माझ्या हाताखाली वाढली आणि भांडायला शिकली नाही, ही माझीच चूक.

१४ एप्रिल

विहारापुढं बॅनर लागलं. वर बाबासाहेब, खाली दिवीचा फोटो, 'आपल्या गावची शास्त्रज्ञ कन्या'. समितीच्या पोरांनी जानेवारीतच तिला भाषणाचं विचारून ठेवलं होतं. ती आली नाही. मला माईकवर बोलावलं. मी म्हटलं, "तिले काम आहे," आणि खाली बसली.

काम नाही. नोकरीच्या गावी खोलीतून बाहेर निघत नाही असं सून फोनवर म्हणाली. थेंब मागच्याच महिन्यात संपले. आता वहीत काय लिहायचं तेही समजत नाही.

१० जून

दिवी आली. एक सुटकेस, एक पुस्तकांचं खोकं, दुसरं खोकं नाही. मुदत वाढवली नाही त्यांनी. नवी काच यायला चौदा महिने, आणि तोपर्यंत हिला ठेवायला त्यांच्याकडं कारण नाही.

मी तिच्या आवडीची वालाची भाजी केली. तिनं खाल्ली. चांगली झाली का विचारलं तर म्हणाली, हाव. काय खाल्लं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

१२ जून

सकाळी दिवी म्हणाली, "आजी, वही लिहितं का?"

"लिहितो तं. पाहून घे, एक थेंब चुकला नाई. एक चुकला, तुह्यापायीच."

वही घेऊन ओसरीवर बसली. मी तांदूळ निवडत होती. पहिली पानं भराभर उलटली, मग एका पानावर थांबली. मी तांदूळ संपवले, पाखडले, डब्यात भरले. ती त्याच पानावर. माझं अक्षर लागत नसेल असं वाटलं.

"का लिहिलं समजत नाई का?"

"समजते ना आजी. अक्षर चांगलं आहे तुहं."

वही फळीवर ठेवली आणि तळ्याकडं निघून गेली. जेवायला आली नाही.

१९ जून

आज माझ्या जिभेनं काम केलं.

दिवी पाळीवर सरांशी बोलत होती. मी मागं शेळी शोधत गेली होती, ऐकू आलं. भुकटीचा तपास आला होता म्हणे. ते तिला शेवटचं विचारत होते. खरं कारण लिहून दे, दुसऱ्या कोणाची चूक असेल तर तुझा डाग निघेल, दुसऱ्या संस्थेला चिठ्ठी देतो. हे सगळं मला तिच्या उत्तरावरून समजलं. ती एवढंच म्हणत होती, "नाही सर. घरचं कोणी नाही. मीच. हो सर, लिहून देते."

घरी आल्यावर मी सोडली नाही तिला. तो माणूस दार उघडून उभा आहे आणि ही आपल्या हातानं लावून घेते. म्हटलं, "तीन महिने भिंतीकडं तोंड करून झोपतं, अन् चूक तं माही म्हणतं. मंग चूक तुही असंल तं आयक. एक काच सांभाळता नाई आली तुले. एक. मी लेकरं सांभाळली, म्हशी सांभाळल्या, तुह्या आजाले सांभाळलं. तुले तळहाताएवढी काच नाई सांभाळता आली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

"हाव आजी," म्हणाली. "नाई सांभाळता आली."

३ जुलै

तीन ठिकाणाहून नकार आला. चौथ्यानं उत्तरच दिलं नाही. दिवी म्हणते, हे यंत्र बनवणारे देशभरात मूठभर, सगळे एकमेकांना ओळखतात. कोणाच्या हातून काच गेली हे सगळ्यांना माहीत आहे.

"मंग दुसरं काई कर. तारे पाह्याची नोकरी कर."

"तारे पाह्याची नोकरी नसते आजी. अन् मले पाह्यचं नव्हतं. बनवाचं होतं."

आश्रमशाळेत तासावर शिकवायला जाते आता. बॅनर पोरांनी काढलं. कलाबाईनं पावसाचं सरपणावर टाकलं आहे, फोटो वर आला आहे. मी म्हटलं, उलटं टाक. ती म्हणाली, उलट्या बाजूनं पाणी झिरपते.

खरं आहे. झिरपते.

२० ऑगस्ट

दिवी डबा विसरली. मी घेऊन गेली, दीड कोस. वर्ग चालू होता म्हणून दाराबाहेर थांबली.

ती पोरांना जुन्या सिनेमाची तबकडी दाखवत होती, शेतात पाखरं भिववायला टांगतात ती. उन्हात धरली तर छतावर लाल, हिरवा, जांभळा पट्टा. तोच. माझ्या भिंतीवर होता तोच.

"मॅडम, तेल लागलं आहे त्याले," एक पोरगी म्हणाली. रिना नाव तिचं, आमच्याच गावची.

"नाही रिना. सगळ्यांना तसंच वाटतं. यावर बारीक रेघा आहेत, डोळ्याला न दिसणाऱ्या. रेघा आहेत म्हणून रंग आहे. माझ्याजवळ एक काच होती, तिच्यावर याहून बारीक रेघा उघड्या होत्या, वरून काही झाकण नाही."

"अन् मॅडम, ते घासली तं?"

"घासली की रेघा गेल्या. रेघा गेल्या की रंग गेला, मग ती नुसता आर..."

मला पाहिलं तिनं. दारात, डबा हातात.

"काही होत नाही," ती म्हणाली. "धुतली की येते परत. चला, पुढचं पान काढा."

चौदा वर्षं ती माझ्यापाशी वाढली. साखर चोरली तर साखर चोरली म्हणून सांगायची. आपल्या कामातलं तर एक अक्षर खोटं बोलत नाही. आज लेकरांपुढं बोलली.

डबा पायरीवर ठेवला आणि निघाली. दीड कोस कसा सरला माहीत नाही.

२१ ऑगस्ट

काल मागचं पान उघडायला हात उचलला नाही. आज फेब्रुवारीचं पान काढलं.

बावीस तारीख. माझंच अक्षर. तेल, तवंग, राख, पाव तास. सगळ्यात खाली, छापील नंबराच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात:

*पाहिलं. दि. १२ जून.*

आधी वाटलं 'दि.' म्हणजे दिनांक. मग समजलं, तिची सही आहे.

बारा जून. मी तांदूळ निवडत होती. आणि एकोणीस जूनला मी तिला म्हटलं, एक काच सांभाळता आली नाही तुले. मार्चात गुंडाचं विचारलं तेव्हाच तिला समजलं असेल. जूनमध्ये तर माझ्या अक्षरात कारण होतं तिच्याजवळ. पान दाखवायचं होतं त्या सरांना, एवढंच. घरचं कोणी नाही म्हणाली.

पान फाडावंसं वाटलं. चुलीत घालावंसं वाटलं. पण कायदा आहे. चुकलं त्यावर एक रेघ. पट्टी घेऊन बसली. कोणत्या ओळीवर मारू? घासलं हे खरं. राख वस्त्रगाळ होती हेही खरं. हात लावला नाही, खरं. शेवटी 'स्वच्छ' या एका शब्दावर मारली. पट्टी असून वाकडी आली. बाजूला माझ्या नावाचं पहिलं अक्षर, 'रु.', एवढीच सही केली, तारीख टाकली.

डोळ्याला पाणी लागलं. डॉक्टरीणबाईनं आता बंधन ठेवलेलं नाही.

२२ ऑगस्ट

वही तिच्या शाळेच्या पिशवीत ठेवली. संध्याकाळी ती परत फळीवर होती. उघडून पाहिलं. वाकड्या रेघेखाली, *पाहिलं. दि. २२ ऑगस्ट.*

बाकी काही नाही.

जेवताना मी म्हटलं, "त्या सराचा फोन नंबर दे. मी बोलतो. मी सांगतो त्याले."

"ते पद भरलं आजी. जुलैतच."

"तरी सांगतो."

"सांगून का होते? म्हणतील, काच घरी नेलीच काऊन? मी नेली ना. मलेच तुले दाखवाची होती." मग भात कालवत म्हणाली, "मीठ कमी आहे."

माफी मागायची कशी ते मला येत नाही. कधी मागितलीच नाही कोणाची. मीठ आणून दिलं.

३१ ऑगस्ट

गुंडाला हात लावला नाही दहा दिवस. पाणी मातीच्या माठात भरलं. गुंड कोपऱ्यात हिरवा पडत चालला. राखेचा डबा उकिरड्यावर टाकायला काढून ठेवला होता.

आज रविवार. उठली तर अंगणातून आवाज. दिवी उकिडवी बसून गुंड घासून राह्यली होती. त्याच डब्यातल्या राखेनं. मनगटापर्यंत राख, नखात राख. ज्या हाताला काहीच लागलेलं चालत नव्हतं तो हात. जोरात घासत होती, वर न पाहता, खाली काही राहूच नये असं.

मी दारात उभी होती. थांबवावं असं वाटलं. कोणत्या तोंडानं थांबवणार?

गुंड लख्ख झाला. तिनं धुतला, उपडा ठेवला, हात धुतले. राख नखातून निघाली नाही. तशीच चहा प्यायला बसली.

पाहिलं. रु. ३१ ऑगस्ट.